बाईक खरंच 'अचानक' येते का?

अपघात झाला की कारवाल्याचं वाक्य ठरलेलं, "मी बघितलं होतं हो, पण बाईक एकदमच अंगावर आली." आणि जमलेली गर्दी लगेच ठरवते की हा खोटं बोलतोय नाहीतर मोबाईलवर होता. असतोही कधीकधी. पण पुष्कळदा तो खरं बोलत असतो, त्याला बाईक दिसलेली असते, तिचा स्पीड दिसलेला नसतो.

फाट्यावरून हायवे क्रॉस करताना आपण उजवीकडे बघतो तेव्हा येणारी गाडी जवळपास सरळ आपल्या रोखाने येत असते, म्हणजे ती बाजूला सरकताना दिसत नाही, डोळ्याच्या पडद्यावर तिचं चित्र फक्त मोठं होत जातं. मेंदूकडे मुख्य माहिती तेवढीच. आता हे चित्र फुगतं किती वेगाने? गाडीची रुंदी गुणिले वेग, भागिले अंतराचा वर्ग. खरी गोम त्या वर्गात आहे, कारण लांब असताना फुगणं इतकं कमी असतं की चित्र जागच्या जागी असल्यासारखं वाटतं आणि मग शेवटी शेवटी भसकन मोठं होतं. प्रयोगांमधून असं दिसतं की हा फुगण्याचा वेग सेकंदाला साधारण ०.००३ रेडियनच्या (रेडियन म्हणजे कोन मोजायचं एकक) खाली असेल तर आपल्याला फुगणं कळतच नाही.

गणित करून बघा. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ट्रक अडीच मीटर रुंद, तर त्याचं फुगणं १३५ मीटरवर जाणवायला लागतं, हातात सहा सेकंद. बाईक धरा पाऊण मीटर, ती ७५ मीटरवर आल्यावर जाणवते, हातात साडेतीनसुद्धा नाहीत. थांबलेली कार रस्ता ओलांडायला चार-पाच सेकंद सहज घेते. आणि बाईकवाला ११० ने असेल तर तीन सेकंदही उरत नाहीत!

यात एक गंमत आहे. चित्राचा आकार भागिले फुगण्याचा वेग केलं की रुंदी उडून जाते आणि थेट 'धडकायला किती वेळ' एवढंच उत्तर उरतं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ली यांनी १९७६ मध्ये मांडलं की ड्रायव्हर ब्रेक मारताना हेच वापरतो. म्हणजे ट्रक काय नि बाईक काय, अंदाज सारखाच यायला हवा. पण तसं होत नाही, १९९१ मध्ये पॅट्रिशिया डेलुशिया या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं की मोठी वस्तू लांब असली तरी लोकांना तीच आधी पोचेल असं वाटतं, जवळची छोटी मागे पडते. मेंदू भागाकार सोडून आकारावर जातो.

लहान मुलांचं तर अजून कठीण. २०११ च्या एका ब्रिटिश अभ्यासात प्राथमिक शाळेतल्या मुलांना ताशी ३२ किमीच्या वर येणाऱ्या गाडीचं फुगणं भरवशाने ओळखता येत नव्हतं, त्यामुळे "नीट बघून क्रॉस कर" हा सल्ला त्यांना पुरत नाही.

एकाच वळणावर परत परत अपघात झाले की आपल्याकडे तिथे नारळ फुटतो, बंपरला लिंबू-मिरची लागते. त्याऐवजी त्या वळणावर समोरची गाडी किती मीटरवरून दिसते ते कोणी टेप लावून मोजलं तर बरं होईल.

१ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही चालूच राहतो. चांगलंच आहे, बाईक नजरेत येते. पण स्पीडचा प्रश्न तसाच राहतो, उलट रात्री एकच दिवा दिसतो आणि एका ठिपक्याचं फुगणं कळणार कसं? कारचे दोन दिवे एकमेकांपासून लांब जाताना तरी दिसतात. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये बाईकला मुख्य दिव्याबरोबर आणखी दोन छोटे दिवे लावून त्रिकोण केला, तर अंधारातला वेगाचा अंदाज सुधारला. आपल्या कंपन्या एलईडीचे डोळे वटारलेले डिझाइन काढतातच की दरवर्षी, त्यात दोन दिवे जरा लांब लांब बसवायला काय हरकत आहे?