मुंबईतील निसर्गनिरीक्षण

मुंबई शहर व उपनगरांतील पक्षी, वन्यप्राणी, वनस्पती आणि किनारी जीवांचे छंद म्हणून वा अभ्यासासाठी केलेले निरीक्षण.

या परंपरेचा आरंभ सामान्यतः बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या स्थापनेपासून (१५ सप्टेंबर १८८३) धरतात. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. सोसायटीचे नियतकालिक १८८६ पासून निघू लागले व लिखित नोंदींची परंपरा त्यामुळे टिकली. मात्र ही सुरुवात संस्थेची झाली. भरती-ओहोटी, मासळीचे हंगाम व खाडीचे पक्षी यांची जाण कोळीवाड्यांत त्याआधीची असणार. ती तोंडी राहिल्याने तिचा काळ सांगता येत नाही, इतकेच.

तिथीवरून भरती काढण्याचा किनाऱ्यावरचा ठोकताळा याच जाणिवेतला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो : अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. भरती दर तिथीस सरासरी सुमारे ४८ मिनिटे उशिरा येते आणि हिशेबात ४५ धरली जातात. त्यामुळे पंधरवड्याच्या शेवटाकडे उत्तर थोडे मागे राहते. स्थूलमानाने ते जुळते. उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीची) ओहोटी म्हणूनच सकाळी व संध्याकाळी सहाच्या आसपास लागते, भांगाची (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीची) दुपारी व मध्यरात्री. हाजी अली, गिरगाव येथील खडकांवर समुद्री गोगलगायी, खेकडे व प्रवाळ पाहणारे गट उधाणाचे दिवस निवडतात, कारण तेव्हा ओहोटीला पाणी अधिक मागे हटते. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमामुळे २०१७ पासून या फेऱ्यांना लोक येऊ लागले. प्रवाळास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे.

शिवडीच्या चिखलठाणांवर याउलट भरती चढत असताना जावे. पाणी चढेल तसे रोहित (फ्लेमिंगो) काठाकडे सरकतात. त्यांचे मोठे थवे येथे नियमित केव्हापासून येऊ लागले, याविषयी एकमत नाही. बहुतेक लेखक १९९० चे दशक सांगतात. कारणांबाबतही मतभेद आहेत. एका मतानुसार गुजरातेतील पाणथळींच्या बदलत्या स्थितीमुळे पक्षी दक्षिणेकडे वळले. दुसऱ्या मतानुसार सांडपाण्यातील पोषकद्रव्यांमुळे ठाणे खाडीत शैवाल वाढले. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण येथील थव्यांत धाकटा रोहित बहुसंख्य असून त्याचे मुख्य खाद्य सूक्ष्म शैवालच आहे. तो मान खाली घालून चोच उलटी बुडवतो आणि जिभेने पाणी आत-बाहेर ढकलतो. चोचीतील बारीक पट्ट्यांच्या चाळणीत शैवाल अडकते. त्याची चोच गडद, काळपट तांबडी असते. थोरल्याची फिकट गुलाबी व टोकाला काळी असून तो लहान कवचधारी व मृदुकाय जीवही खातो. दुर्बिणीतून ओळख चोचीवरूनच पक्की होते, उंची दुरून फसवते. शहराच्या घाणीवर पोसलेले हे वैभव आहे, हे पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाला व २०२२ मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत) आला.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान (सुमारे १०४ चौ. किमी.) बिबळ्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण बिबळ्या प्रत्यक्ष दिसणे दुर्मिळ, अभ्यास मुख्यतः स्वयंचलित कॅमेऱ्यांवर चालतो. धारावीलगत जुन्या कचराभूमीवर उभे राहिलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान नवख्यांना सोयीचे. खारफुटीत सोनेरी कोल्ह्याच्याही नोंदी आहेत.