टोपोशीट की गाव नकाशा? ओढ्याचं नाव शोधताना

गावातल्या ओढ्या-टेकड्यांची नावं लिहून काढायची म्हटलं, की कुणीतरी सांगतंच, "सरकारी नकाशा काढा की." पण कुठला? सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे भूरूपाचा नकाशा, सरकारी आणि भूमी अभिलेख खात्याचा गाव नकाशाही सरकारीच. ओढे दोन्हींत सापडतात, म्हणून गल्लत होते.

टोपोशीटला जमिनीचा उंचसखलपणा कळतो, मालकी कळत नाही. नेहमीची टोपोशीट १:५०,००० प्रमाणाची, म्हणजे एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वाचता आल्या की ओढा कुठल्या घळीतून उतरतो ते घरबसल्या दिसतं. बारमाही पाणी निळं, कोरडा पडणारा ओढा काळ्या रेघेत; देशावरचे बहुतेक ओढे काळेच. नावं असतात, पण मोजकी, आणि इंग्रजी आवृत्तीत ती रोमन लिपीत. तिथे ळ आणि ल, ण आणि न सारखेच. त्यामुळे टोपोशीटवरचं नाव जसंच्या तसं देवनागरीत उतरवू नका, आधी गावात म्हणवून घ्या.

गाव नकाशात चढउतार नाही. शीव, गावठाण, रस्ते, ओढे आणि जमिनींचे गट क्रमांक, एवढाच त्याचा संसार. नावांच्या जागी आकडे. तरी नावासाठी मला तोच जास्त उपयोगी वाटतो, कारण गट क्रमांक हाती आला की सातबारा निघतो आणि सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना आहे. पुष्कळदा तो कोरा असतो, तेव्हा जुना हस्तलिखित उतारा मागावा. मात्र १९४७च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली जिथे जमिनींचं एकत्रीकरण झालं, तिथे जुन्या कागदांवर सर्व्हे नंबर असतो, गट नाही. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहून ठेवलेले बरे.

एक गोष्ट दोन्ही नकाशांत सापडत नाही. गावाच्या तोंडी ओढ्याला सलग एकच नाव क्वचितच असतं. वर खडकातून येतो तोवर तो एक, म्हसोबापाशी दुसरा आणि आसरांच्या डोहाखाली तिसराच. नकाशा फार तर एक नाव लांबवर ताणून छापतो. हे तुकडे गुराख्यांना आणि धुणं घेऊन जाणाऱ्या बायकांना पाठ असतात. सरपंचांना असतीलच असं नाही. म्हणून टोपोशीट हातात धरून ओढ्याकाठाने चालावं, नाव कुठे बदलतं तिथे खूण करावी आणि शेजारचा गट क्रमांक टिपावा. सांगणाऱ्याचं वय आणि वाडीही लिहावी.

जंगलालगतच्या गावांना हे काम कागदोपत्रीही उपयोगी पडतं. वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करताना पारंपरिक हद्द ओढा, टेकडी, देवराई अशा खुणांनी दाखवावी लागते आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन पुरावा म्हणून चालतं.