द लायटनिंग थीफ

द लायटनिंग थीफ : रिक रायर्डन (जन्म १९६४) या अमेरिकन लेखकाची किशोरांसाठीची इंग्रजी अद्भुत साहसकादंबरी. प्रसिद्धी २००५. ‘पर्सी जॅक्सन अँड द ऑलिंपियन्स’ या मालिकेतले हे पहिले पुस्तक. ग्रीक देव आजही जिवंत आहेत आणि पाश्चात्त्य संस्कृतीचे केंद्र जिकडे सरकेल तिकडे आपला मुक्काम हलवतात, ही तिची मूळ कल्पना. त्यामुळे या देवांचे निवासस्थान ऑलिंपस सध्या न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीच्या सहाशेव्या मजल्यावर आहे आणि पाताळाचे दार लॉस एंजेलिसमधल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत उघडते.

कादंबरीचा उगम लेखकाच्या घरातला. रायर्डन शाळेत इंग्रजी आणि इतिहास शिकवत. प्रौढांसाठी रहस्यकथाही लिहीत. त्यांच्या मुलाला डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) आणि एडीएचडी (लक्ष न टिकणे व अतिचंचलता) असल्याचे निदान झाले. शाळा नकोशी झालेल्या त्या मुलाला ग्रीक पुराणकथा मात्र आवडायच्या. वडील झोपताना त्या सांगत. ठाऊक होत्या तेवढ्या संपल्या तेव्हा त्याने नवी रचून सांगायचा हट्ट धरला आणि पर्सी जॅक्सन जन्मला. बारा वर्षांच्या पर्सीलाही याच दोन अडचणी आहेत, पण इथे त्यांचा अर्थ फिरतो. अक्षरे पानावर नाचतात, कारण मेंदू प्राचीन ग्रीकसाठी घडलेला आहे. वर्गात एका जागी बसू न देणारी चुळबूळ हीच लढाईत जीव वाचवणारी चपळाई ठरते. एकामागून एक शाळांतून काढलेल्या मुलाला त्याच्या उणिवांचे असे कुळ सापडते, इथे या पुस्तकाचे खरे बळ आहे.

कथानक वेगवान आहे. पर्सी हा समुद्रदेव पोसायडनचा मुलगा निघतो. देवांचा राजा झ्यूस याचे वज्र चोरीला गेले आहे आणि आळ पर्सीवर आहे. २१ जूनच्या आत ते परत करायचे, नाहीतर देवांमध्ये युद्ध पेटणार. बुद्धीची देवता अथीना हिची मुलगी अॅनाबेथ आणि अर्धा बोकड असलेला सॅटर ग्रोव्हर यांच्यासह तो अमेरिका आडवी ओलांडतो. लास व्हेगासच्या एका कॅसिनोत थोडाच वेळ रमलो असे त्यांना वाटते. बाहेर येतात तेव्हा पाच दिवस सरलेले असतात. होमरच्या ‘ओडिसी’ महाकाव्यात कमळ खाऊन घर विसरणाऱ्यांचा हा नवा अवतार.

पुराणाचा सर्वांत नेटका वापर मेड्यूसाच्या, म्हणजे जिच्याकडे पाहणारा दगड होतो त्या राक्षसीच्या प्रसंगात दिसतो. न्यू जर्सीच्या रस्त्यालगत बागेतल्या पुतळ्यांचे दुकान आहे. डिस्लेक्सियामुळे पर्सीला पाटी वाचता येत नाही, ग्रोव्हर वाचून दाखवतो. आत चेहरा झाकलेली ‘आँटी एम’ भुकेल्या मुलांना बर्गर खाऊ घालते. भोवतीच्या प्रत्येक पुतळ्याचा चेहरा भेदरलेला का, हे कोडे वाचकाला मुलांच्या आधी सुटते. मूळ कथेत ग्रीक वीर पर्सियस ढालीत पाहून मेड्यूसाचे शिर कापतो. पर्सी बागेतल्या काचेच्या गोळ्यात पाहतो. पण खरा बदल पुढे आहे. पर्सियसने त्या शिराने आईमागे लागलेल्या राजाला दगड केले होते. पर्सीची आई सॅली ही मुलाच्या देवांशी असलेल्या नात्याचा वास राक्षसांना लागू नये म्हणून एका दुर्गंधीयुक्त, छळणाऱ्या माणसाशी संसार करत आलेली. पर्सी ते शिर तिच्या हाती सोपवतो आणि निर्णयही. नवऱ्याचा झालेला पुतळा विकून ती नवे घर घेते, कॉलेजची फी भरते. आईची सुटका मुलाच्या पराक्रमावर न सोपवता तिच्याच हाती देणे, हे लेखकाने पुराणावर केलेले उत्तम संस्करण होय.

मूळ मालिका २००९ मध्ये पाच पुस्तकांवर पूर्ण झाली. २०२३ पासून तिच्यात भर पडली. २०१० च्या चित्रपटात पर्सीचे वय वाढवले गेले आणि झ्यूसचा बाप क्रोनस याचे कथासूत्र गाळले गेले. रायर्डन यांनी आपली नाराजी उघडपणे मांडली. डिस्ने प्लसवर डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत त्यांचा स्वतःचा सहभाग असून तिथे पर्सी पुन्हा बारा वर्षांचा आहे. कादंबरीवर संगीतिकाही झाली.

इतर संस्कृतींच्या पुराणकथा त्या परंपरेशी नाते असलेल्या लेखकांनीच लिहाव्यात, यासाठी ‘रिक रायर्डन प्रेझेंट्स’ हा प्रकाशन-विभाग निघाला. २०१८ मधले त्याचे पहिले पुस्तक रोशनी चोक्सी यांचे ‘आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम’. त्यात पांडवांचे आत्मे आजच्या काळातल्या मुलींमध्ये पुनर्जन्म घेतात.