कॅलिब्रेशन रिपोर्टवरून आलेख काढताना

ग्राहकांसाठी माहितीपत्रक (वागळे इस्टेट, ठाणे)

थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) किंवा कंट्रोलर आमच्या लॅबमधून कॅलिब्रेट करून, म्हणजे अचूकता तपासून नेलात की आमच्या रिपोर्टमध्ये पाच-सहा तापमानांना किती करेक्शन लावायचं, म्हणजे रीडिंगमध्ये किती मिळवायचं, ते दिलेलं असतं. मधल्या तापमानांसाठी बरेच ग्राहक ते आकडे एक्सेलमध्ये टाकून आलेख काढतात. जरूर काढा. फक्त चार्टचा प्रकार निवडताना एक मिनिट थांबा, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो.

रबाळ्याच्या एका हीट ट्रीटमेंटवाल्या ग्राहकांचा मागे फोन आला होता. थर्मोकपल वरच्या तापमानाला एकदम बिघडलंय, नवीन मागवू का, असं विचारत होते. त्यांनी आलेख पाठवला, त्यात रेघ शेवटी खरंच उभी चढलेली होती. थर्मोकपल मात्र ठणठणीत होतं. समजायला सोपे करून घेतलेले आकडे असे: ५० अंशांना करेक्शन ०.३, १०० ला ०.५, २०० ला १.१, ४०० ला २.० आणि ८०० ला ४.२.

त्यांनी लाइन चार्ट निवडला होता. लाइन चार्टला खालच्या अक्षावरचे हे आकडे म्हणजे नुसत्या चिठ्ठ्या वाटतात. ५० ते १०० आणि ४०० ते ८०० ही दोन्ही अंतरं तो सारखीच ठेवतो, म्हणून जवळजवळ सरळ असलेली रेघ वर वाकलेली दिसते. हेच आकडे स्कॅटर चार्टवर घ्या, प्रत्येक बिंदू आपल्या खऱ्या जागी बसतो. गूगल शीट्स किंवा लिब्रेऑफिस वापरत असाल तरी आकड्याविरुद्ध आकडा काढायचा असेल तर स्कॅटरच घ्या.

दिसण्यापुरतीच चूक असती तर एवढं लिहिलं नसतं. खरा धोका ट्रेंडलाइनमध्ये, म्हणजे बिंदूंना जुळवून एक्सेल जी रेघ आणि तिचं समीकरण देतो त्यात आहे. लाइन चार्टवर ट्रेंडलाइन काढली की एक्सेल तापमानाच्या जागी १, २, ३, ४, ५ धरतो. वरच्या आकड्यांना तो य = ०.९३क्ष − १.१७ असं समीकरण देतो. त्यात ६०० घातलं तर करेक्शन येतं जवळजवळ ५५७ अंश! स्कॅटरवर तेच समीकरण य = ०.००५२क्ष + ०.००८३ होतं आणि ६०० ला ३.१ येतं. म्हणून समीकरण हाती आलं की आधी रिपोर्टमधलाच एक बिंदू घालून पाहा. ४०० ला २ च्या आसपास यायला हवं. ३७० आलं तर चार्ट चुकलाय.

स्कॅटर निवडूनही असं होऊ शकतं. तापमानाच्या कॉलममध्ये एकाही सेलमध्ये "४०० अंश" असं शब्दासकट लिहिलं, तर एक्सेल सगळ्या कॉलमऐवजी पुन्हा १, २, ३ धरतो. आपण अलाइनमेंट बदललेली नसेल तर खरा आकडा सेलमध्ये उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. एकक कॉलमच्या मथळ्यात लिहा.

आर-स्क्वेअर (रेघ बिंदूंना किती जुळते ते सांगणारा आकडा) बरोब्बर १ आला म्हणून खूश होऊ नका, ही आमची कळकळीची विनंती. पाच बिंदूंवर चौथ्या घाताची पॉलिनोमियल ट्रेंडलाइन घेतली तर ती पाचही बिंदूंतून जाणारच. पण वरच्या आकड्यांत तीच वक्ररेषा ६०० ला २.२ सांगते, म्हणजे सरळ रेघेच्या ३.१ पेक्षा जवळपास एक अंश कमी. पाच-सहा बिंदूंना सरळ रेघ, फार तर दुसरा घात, याच्या पुढे आम्ही स्वतः जात नाही. "स्मूद लाइन"चा गुळगुळीतपणाही फक्त दिसण्यापुरता असतो, त्यावरून मधलं रीडिंग काढू नका. घात असलेलं समीकरण वापरायचंच असेल तर आलेखावरच्या समीकरणाच्या लेबलच्या नंबर फॉरमॅटमध्ये दशांश स्थळं वाढवून घ्या. लेबलवर आकडे राउंड करून दिसतात आणि ८०० सारख्या तापमानाचा घात झाला की तेवढी काटछाटही भारी पडते.

आणखी एक. बिंदूंवर प्लस-मायनसच्या दांड्या दाखवायच्या असतील तर एक्सेलने आपणहून दिलेल्या ठेवू नका. त्या तुमच्याच कॉलमवरून काढलेल्या असतात, रिपोर्टमधल्या अनिश्चिततेशी (मोजलेला आकडा किती कमी-जास्त असू शकतो त्याच्याशी) त्यांचा संबंध नसतो. कस्टम पर्याय घेऊन आमच्या रिपोर्टमधला अनिश्चिततेचा कॉलम द्या. उभ्या अक्षावर "करेक्शन" की "एरर" तेही लिहा, दोघांची चिन्हं उलट असतात.

८०० च्या पुढे रेघ ओढू नका. तिथे आम्ही मोजलेलं नाही.

आणि तुमची भट्टी रोज ६२० ला चालत असेल तर काम देतानाच सांगा. तो बिंदू आम्ही रिपोर्टमध्येच घेऊ, मग त्या तापमानासाठी आलेखाची गरजच राहणार नाही. आधीच्या रिपोर्टवरून काढलेला आलेख असेल तर एक्सेल फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन काउंटरवर या, सोबत बसून पाहू. त्याचे पैसे घेत नाही.