एका लुगड्याची चार पानं: नाशिकच्या गोधडी-कार्यशाळेमागची गोष्ट

गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये आमचा गोधडी शिवणाऱ्यांचा गट महिन्यातून एकदा जमतो. आल्याबरोबर पहिलं काम टेबलं भिंतीला सरकवण्याचं. मग सतरंजी पडते, तिच्यावर जुनी सुती पातळं पसरली जातात आणि ज्यांना मांडी घालता येत नाही त्या खुर्ची ओढून कडेला बसतात. नवीन आलेल्या मुली बहुतेक वेळा पिशवीतून गोल पात्याचा कटर, हिरवी मॅट आणि प्लॅस्टिकची लांब पट्टी काढतात आणि टेबलं कुठं गेली ते बघत राहतात. त्यातली एखादी हमखास विचारते, "काकू, हे क्विल्टिंग अमेरिकेतून आलं ना?"

क्विल्टिंग, म्हणजे कापडाचे थर एकमेकांवर ठेवून टाक्यांनी जोडणं, हा शब्द तिकडून आला. कटरही बाहेरचाच, ओल्फा या जपानी कंपनीनं १९७९ मध्ये काढलेला. ब्रिटनमधल्या क्विल्टर्स गिल्डची, म्हणजे क्विल्ट करणाऱ्यांच्या संघाची, स्थापनाही त्याच वर्षीची. महिन्याला एक ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून करायचा चौकोन, ठरवायचा, उरलेले तुकडे एकमेकींशी बदलून घ्यायचे, पूर्ण झालेलं काम सगळ्यांसमोर धरून त्याची गोष्ट सांगायची, एखादं दुपटं कुणा गरजू बाळासाठी शिवायचं, ही आमच्या बैठकीची घडी तिकडच्या गिल्डांचीच आहे आणि ती कबूल करायला मला लाज वाटत नाही. पण चार बायकांनी एका कापडाभोवती बसून टाके घालायचे, हे शिकायला नाशिककरांना कुठं जावं लागलं नाही. आणि गिल्ड म्हणाल, तर ती या गावात फार जुनी आहे.

आपण जिला पांडवलेणी म्हणतो त्या त्रिरश्मी डोंगरावर चोवीस लेणी आहेत. त्यातल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. साल बेचाळीस. ते शकाचं धरलं तर इ. स. १२०. त्यात त्यानं भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायम ठेव ठेवली आहे, आणि ती ठेवलीय कुणाकडं, तर गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडं, म्हणजे गिल्डांकडंच. लेखातला शब्द आहे ‘कोलिकनिकाय’. एका श्रेणीकडं २,००० शेकडा एक दरमहा व्याजानं, दुसरीकडं १,००० शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांचं व्याज या लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या, वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण.

हिशेब करून पाहा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक नाणं इकडं नाही की तिकडं. एकोणीसशे वर्षांपूर्वी विणकरांच्या संघाकडं लोक मुदत ठेवीसारखा पैसा ठेवत होते आणि त्यातून कापड मिळत होतं. हे गोवर्धन म्हणजे आजचं गंगापूरजवळचं गोवर्धन गाव. आमचा हॉल त्याच रस्त्यावर आहे, हा निव्वळ योगायोग.

त्या पैशांतून होणारं चीवर कसं असे, ते विनयपिटक या भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथातल्या महावग्गात सांगितलं आहे. मगधातली भातखाचरं पाहून, बांधांनी तुकड्या-तुकड्यांत विभागलेली, बुद्धांनी आनंद या आपल्या शिष्याला विचारलं की असं चीवर तुला करता येईल का. आनंदानं तुकडे जोडून ते केलं. कारणही तिथंच दिलंय: कापून जोडलेलं कापड श्रमणाला शोभतं आणि त्याचा कुणाला लोभ सुटत नाही. त्याही आधी भिक्षू उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या गोळा करून वस्त्र शिवत, त्याला पांसुकूल म्हणत. वर्षावास संपला की ‘कठिन’ नावाची चौकट असे. तिच्यावर कापड ताणून सगळ्यांनी मिळून एका दिवसात चीवर कापायचं, शिवायचं, रंगवायचं. तिकडच्या क्विल्टिंग बीचं, म्हणजे बायकांनी जमून एक क्विल्ट शिवण्याच्या बैठकीचं, वर्णन वाचताना मला आधी ही चौकट आठवते.

चीवरापासून थेट आजीच्या गोधडीपर्यंत वंशावळ काढायचा मोह होतो. तो मी आवरते, कारण मधल्या कित्येक शतकांतली गोधडी कुणी जपूनच ठेवली नाही. ती झिजायची, मग पायपुसणं व्हायची, मग शेणाच्या हाताला पुसायला गोठ्यात जायची. कापडाचा असा शेवटपर्यंत वापर झाला की इतिहासाला फारसं काही उरत नाही. उरतो तो शब्द. नाथपंथी जोग्याच्या वेषात कंथा असते, म्हणजे तुकड्यांची शिवलेली झूल. ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश दिल्याची परंपरा मानणाऱ्या त्र्यंबकेश्वरात हा वेष कुणाला नवा नाही. बंगालची कांथा हा त्याच शब्दाचा अवतार. आपल्याकडं देशावर वाकळ, कर्नाटकाच्या सीमेकडं कौदी, बाळासाठी दुपटं, आणि नाशिककडं गोधडी.

रजई आणि गोधडी यांत गल्लत नको. रजई, गादी हे पिंजाऱ्याचं काम. धनुकली घेऊन तो दारात यायचा, कापूस पिंजायचा, भरायचा, मजुरी घेऊन जायचा. गोधडीत कापूस नाही. वर कापड, खाली कापड, आत फाटकी धोतरं, सदरे, परकर, काय असेल ते. ती घरातल्या बाईनं घरातल्याच कापडाची करायची. तिच्यासाठी पैसा लागे तो सुई आणि दोऱ्यापुरता.

आता लुगड्याचं गणित. नऊवारी लुगडं जुनं झालं की त्याची सव्वादोन वारांची चार पानं करायची. दोन पानं शेजारी जोडून वरची बाजू, दोन जोडून खालची. सव्वादोन वार म्हणजे पावणेसात फूट, माणूस पाय पसरून झोपेल एवढी लांबी. म्हणजे एका लुगड्यात एका गोधडीच्या दोन्ही बाजू, चिंधीसुद्धा वाया न जाता. पाचवारी पातळ आलं आणि हे गणित मोडलं. त्याची अडीच वारांची दोनच पानं होतात, एकीकडचीच बाजू. दुसरीसाठी दुसरं पातळ हवं. आमच्या गटात हे कुणालाच सुचलं नव्हतं. सिन्नरकडच्या एका सत्तरीच्या आजींनी बोटांवर मोजून दाखवलं, तेव्हा हॉल दोन मिनिटं शांत होता.

शिवण उन्हाळ्यात. सुगी झालेली, दिवस मोठे, कापडं धुऊन खडखडीत वाळलेली. ओसरीवर किंवा वाड्याच्या चौकात पानं पसरायची, चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांब्या, जे जड असेल ते ठेवायचं. चौघी चार बाजूंना. धावदोरा कडेकडून सुरू करून आत आत चौकोनात फिरवत मधोमध आणायचा. कडेकडून आत येण्याचं कारण साधं आहे: कापडाला पडणारी सुरकुती पुढं ढकलत ढकलत नेता येते. क्विल्टवाल्या मधून सुरुवात करून कडेला जातात, आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांच्या कापसाच्या थराला आधी कच्चा टाका किंवा टाचण्या लागतात. आपल्या थरांवर पाटा ठेवलेला असतो.

नाशिकला गोधडी लागतेही. इथली थंडी पुणेकरांना सांगून पटत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडचा पारा दोन अंशांच्या खाली उतरला होता, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागल्या होत्या. तरी गोधडी हिवाळ्यापुरती नसते. उन्हाळ्यात ती खाली अंथरायची, थंडीत वरून घ्यायची, पावसाळ्यात एक खाली आणि एक वर.

मग एवढी उपयोगाची वस्तू माळ्यावर का गेली? मला तीन कारणं दिसतात, आणि ‘नव्या पिढीला आवड नाही’ हे त्यात नाही.

पहिलं कापड. १९७० च्या दशकात टेरिकॉट आणि पॉलिस्टरच्या साड्या घरोघर आल्या. धुवायला सोप्या, इस्त्री नको, विटत नाहीत. पण विटत नाहीत म्हणजे मऊही होत नाहीत. सुती लुगडं शंभर धुण्यांनी मऊ पडतं, ते घाम पितं, त्यातून सुई लोण्यासारखी जाते. नायलॉनमधून सुई कुरकुरत जाते आणि थर एकमेकांवरून घसरतात. ज्या घरांत पॉलिस्टर आलं, त्या घरांतला गोधडीचा कच्चा माल दहा-बारा वर्षांत संपला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि स्वस्त मिलच्या सुती कापडाची सवयही मागं पडत गेली. मालेगावचे माग चालू राहिले, पण त्यांनीही काळाप्रमाणं धागा बदलला. येवल्याच्या पैठणीचा इथं संबंध नाही. पैठणी कुणी गोधडीत घालत नसे. जरीचं जुनं लुगडं जाळून चांदी काढली जाई.

दुसरं कारण बोहारीण. डोक्यावर पाटी, पाटीत चकचकीत स्टीलची भांडी, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं. चार साड्या आणि एक पँट दिली की एक पातेलं. आमच्या आईनं घासाघीस करून मिळवलेला एक डबा अजून माझ्याकडं आहे, त्यात मी डाळ ठेवते. त्या डब्यात किती गोधड्या गेल्या, ते मोजायची हिंमत होत नाही. पण आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पितळेला कल्हई लावून कंटाळलेल्या बाईला स्टील म्हणजे सुटका होती.

तिसरं कारण जागा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळं गाव वाढलं, वाड्यांतली बिऱ्हाडं सिडकोच्या आणि पुढं सोसायट्यांच्या खोल्यांत गेली. तिथं एवढं मोठं कापड दिवसचे दिवस पसरून ठेवायला जमीन नाही. ओसरी गेली तशी चौघींनी चार बाजूंना बसायची सोयही गेली. त्याच सुमारास पानिपतहून आलेली ब्लँकेटं आणि सोलापुरी चादरी स्वस्त झाल्या, आणि प्रश्न मिटल्यासारखं वाटलं.

लाजही होती थोडी. ठिगळ म्हणजे गरिबी. ‘आभाळ फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावणार’ असं आपण हताशपणे म्हणतो, कौतुकानं नाही. पाहुणे येणार म्हटलं की गोधड्या आत आणि सोलापुरी चादरी बाहेर. एका माणसानं मात्र ठिगळं उघड मिरवली. चिंध्यांचा अंगरखा घालून हातात खराटा घेतलेल्या गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक गोधडेबाबा म्हणत. नाशिकला गोदावरीकाठी त्यांची धर्मशाळा आहे. चांगल्या कापडाच्या बाता मारणाऱ्यांना त्यांच्या त्या वेषानंच उत्तर मिळत असे.

ठिगळाची किंमत वाढली ती बाहेरून. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमनं जुन्या अमेरिकन क्विल्ट पलंगावरून काढून चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या, आणि तिथल्या गिल्डांना नवं बळ आलं. १९८७ मध्ये एड्सनं गेलेल्यांच्या नावांची प्रचंड क्विल्ट वॉशिंग्टनमध्ये अंथरली गेली. आपल्याकडं १९८८ च्या सुमारास बिहारच्या भुसुरा गावात बायकांनी सुजनी, म्हणजे तिकडची गोधडी, पुन्हा हाती घेतली आणि तिच्यावर हुंडा, दारू, मतदान असे विषय उतरवले. महाराष्ट्रात गोधडीला असं एकच एक वळण मिळालं नाही. ती शिवणक्लासांच्या, महिला मंडळांच्या, बचतगटांच्या आडोशानं टिकली. शिवाय जुनी कापडं घेऊन मजुरीवर गोधडी शिवून देणाऱ्या बायका अजून रस्त्याकडेला दिसतात. आपण त्यांना कार्यशाळेत कलाकार म्हणून बोलावतो का? आमच्या गटानं दोनदा बोलावलं, आणि पहिल्या वेळी त्यांच्या दिवसाच्या मजुरीचा विचार कुणी केला नव्हता. दुसऱ्या वेळी त्यांनीच आधी विचारलं.

आमच्यातला जुना वाद अजून चालू आहे: हाताचा टाका की मशीनचा. मशीनवाल्यांचं म्हणणं, चार दिवसांचं काम एका दुपारी होतं आणि विकता येतं. हातवाल्यांचं म्हणणं, मशीननं शिवलेली गोधडी कडक होते, अंगाला बिलगत नाही. मी हातवाल्यांत आहे, पण विकायचा प्रश्न आला की गप्प बसते. हाताच्या टाक्याला तासाचा दाम लावला तर गोधडीची किंमत शालीच्या वर जाते आणि गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, जुन्या साड्याच तर आहेत!"

दोन वर्षांपूर्वी आम्ही नियम केला, पहिल्या कार्यशाळेला नवं कापड आणायचं नाही. दोन जुनी सुती पातळं, धुतलेली, बस. वाटलं होतं, यापेक्षा सोपं काय असणार. पण पंधरापैकी नऊ जणींच्या घरी सुती पातळ नव्हतंच. कुणी मावशीला फोन लावला, कुणी गावी सासूबाईंना. चौघींनी जुन्या कपड्यांच्या बाजारात जाऊन विकत आणली, पाचशे-पाचशे मोजून. पातळं सुरेख निघाली, अगदी मऊ, एकाच्या काठाला तर धोब्याची खूण अजून होती. विकणारी बाई म्हणाली, "ताई, ही भांड्यांवर घेतलेली आहेत."