डेटाच्या तारेतून वीज : ‘पॉवर ओव्हर इथरनेट’ची पार्श्वभूमी

सीसीटीव्ही कॅमेरा किंवा वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट एकाच नेटवर्क केबलवर चालतो आणि त्याला वेगळा अडॅप्टर लागत नाही, ही ‘पॉवर ओव्हर इथरनेट’ (इथरनेट म्हणजे संगणकांना केबलने जोडणारी नेटवर्क पद्धत) नावाची सोय अलीकडची असली तरी तिचे मूळ टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरीखोलीत आहे. घरची वीज गेली तरी एमटीएनएल वा बीएसएनएलचा साधा लँडलाइन फोन चालू राहत असे, कारण त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधून, बोलणे वाहून नेणाऱ्या त्याच दोन तारांवरून येत असे. सुमारे २ व्होल्टचे २४ लेड-ॲसिड सेल एकापुढे एक जोडले की ४८ व्होल्ट होतात. हा दाब लांबवर वीज पोहोचवण्यास पुरेसा आणि हाताळणाऱ्यास बऱ्यापैकी सुरक्षित असल्यामुळे जगभरच्या एक्स्चेंजमध्ये रुळला.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस कार्यालयांतले फोन संगणकांच्या नेटवर्कवर येऊ लागले, तेव्हा हा जुना गुण हरवला. प्रत्येक आयपी फोनला टेबलाखाली स्वतंत्र अडॅप्टर लागे आणि वीज जाताच फोनही बंद पडे. सिस्को कंपनीने २००० साली आपल्या स्विचमधूनच (नेटवर्कच्या केबल जिथे एकत्र येतात त्या उपकरणातूनच) फोनला वीज देण्यास सुरुवात केली. इस्रायलची पॉवरडिसाइन ही कंपनीही याच खटपटीत होती. मात्र प्रत्येकाची पद्धत वेगळी राहिली असती, तर एका कंपनीचा फोन दुसरीच्या स्विचवर चालला नसता. त्यामुळे आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेत १९९९ मध्ये समाईक मानकाचे काम सुरू झाले आणि २००३ मध्ये ‘८०२.३एएफ’ मंजूर झाले.

एकाच केबलमध्ये वीज आणि डेटा दोन्ही कसे मावतात, याचे उत्तरही टेलिफोनच्याच अनुभवातले आहे. डेटा हा पिळाच्या जोडीतील (एकमेकींभोवती पिळलेल्या) दोन तारांच्या विद्युतदाबातला फरक असतो. जोडीच्या टोकाला असलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या मध्यबिंदूतून एकदिश वीज सोडली, तर ती दोन्ही तारांत सारखी विभागली जाते, फरक शून्य राहतो आणि डेटाला तिची जाणीव होत नाही. परतीचा प्रवाह दुसऱ्या जोडीतून येतो. १०० मेगाबिटपर्यंतच्या इथरनेटला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या लागत, म्हणून रिकाम्या दोन जोड्यांतून वीज देण्याची मुभाही मानकाने ठेवली.

खरी अडचण वेगळी होती. त्याच सॉकेटमध्ये कोणी साधा लॅपटॉप जोडला आणि त्यावर ४८ व्होल्ट गेले, तर तो जळू शकतो. म्हणून स्विच आधी १० व्होल्टपेक्षा अधिक नसलेल्या दाबाने चाचणी घेतो आणि पलीकडे सुमारे २५ किलोओहमचा रोध आढळला तरच पूर्ण दाब देतो. उपकरण काढले की अर्ध्या सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो, कारण त्याच केबलला पुढच्या क्षणी भलतेच काही जोडले जाऊ शकते. साऱ्या मानकात सर्वाधिक विचार या भागावर झाला असावा, असे वाटते.

बाकीचा इतिहास बहुतांशी तांब्याच्या रोधाशी चाललेल्या घासाघिशीचा आहे. पहिल्या मानकात स्विच १५.४ वॅट देई आणि १०० मीटर केबलच्या दुसऱ्या टोकाला १२.९५ वॅटचीच हमी असे, उरलेली २.४५ वॅट म्हणजे ३५० मिलिअँपिअर प्रवाहामुळे २० ओहमच्या तारेत होणारी उष्णता. फोनला हे पुरे होते, पण फिरत्या कॅमेऱ्यांना नव्हे. २००९ च्या ‘८०२.३एटी’ने कॅट-५ या प्रकारच्या केबलचा कमी रोध गृहीत धरून मर्यादा ३० वॅटवर नेली, तर २०१८ च्या ‘८०२.३बीटी’ने चारही जोड्या वापरून ती ९० वॅटपर्यंत पोहोचवली. त्याबरोबर केबलच्या जाड गठ्ठ्यांचे तापणे हा वायरिंग करणाऱ्यांच्या हिशेबातला नवा विषय झाला.

बाजारात अजूनही २४ व्होल्टचे ‘पॅसिव्ह’ इंजेक्टर (नेटवर्क केबलमध्ये वीज सोडणारे छोटे उपकरण) मिळतात, विशेषतः वायरलेस इंटरनेटच्या छतावरील रेडिओंसाठी. ते कोणतीही चाचणी न घेता सरळ वीज सोडतात. त्यामुळे तेथे कोणती केबल कशाला जोडायची, हे जोडणाऱ्यालाच पाहावे लागते.