जुन्या दुनळीची जन्मपत्रिका नळ्यांच्या पोटाखाली

जुनी दुनळी हातात आली की बहुतेकांची नजर आधी कोरीवकामावर जाते आणि मग वरच्या नावावर. जाणकार मात्र आधी बंदूक खोलून दोन्ही चेंबर (काडतूस बसते ती नळीची मागची पोकळी) रिकामे असल्याची खात्री करतो, पुढचे लाकूड उतरवतो आणि नळ्या सोडवून उलट्या धरतो. चेंबरच्या खालच्या सपाट भागावर बारीक ठसे असतात. वय, ताकद आणि बऱ्याच अंशी किंमत या ठशांवरूनच कळते. नाव कोणालाही कोरता येते. नामांकित इंग्रज बंदूककार 'वेस्टली रिचर्ड्स'च्या नावाशी मिळतेजुळते 'डब्ल्यू. रिचर्ड्स' कोरलेल्या स्वस्त बेल्जियन बंदुका अमेरिकेत भरपूर खपल्या. उलटे करून पाहिले की मुकुटाखालच्या अंडाकृतीत 'ईएलजी' ही बेल्जियममधल्या लिएजच्या प्रूफ हाउसची (बंदूक जादा दाबावर तपासून ठसा मारणाऱ्या संस्थेची) अक्षरे दिसतात आणि प्रश्न मिटतो.

ठासणीच्या बंदुकीतून काडतुसाच्या बंदुकीकडे जाण्याचा रस्ता पॅरिसच्या लेफोशेने 1830 च्या दशकात खुला केला. त्याच्या काडतुसाच्या कडेला एक पितळी पिन असे आणि घोडा तिच्यावर आपटे. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात ही बंदूक इंग्रज कारागिरांनी पाहिली आणि जोसेफ लँगसारख्यांनी ती उचलली. नळीच्या मागच्या कडेला वर छोटी खाच दिसली तर ती पिनचीच. 1861 मध्ये जॉर्ज डॉने मध्यभागी टोपी (आघाताने पेटून दारू पेटवणारी) असलेले काडतूस इंग्लंडात रुळवले आणि पिन मागे पडली. 1867 च्या स्टँटन पेटंटनंतर घोडा आपटून आपोआप मागे सरकू लागला. त्याआधीच्या बंदुकीत घोडा हाताने अर्धवट चढवल्याशिवाय ती खोलायची नसते, नाहीतर फायरिंग पिन टोपीत रुतून राहते. अँसन आणि डीली यांनी 1875 मध्ये घोडे आत घातले, आणि 1880 मध्ये बीझलीने लंडनच्या पर्डी या बंदूककारांसाठी आपोआप उघडणारी रचना दिली. ही वर्षे 'याआधीची नाही' एवढेच सांगतात. बाहेर घोडे असलेल्या बंदुका विसाव्या शतकातही बनत राहिल्या, त्यामुळे घोडे दिसले म्हणून कोणी 1870 म्हणाले तर लगेच मान डोलावू नये.

डमास्कस नळीबद्दल दोन टोकाचे गैरसमज आहेत: एक, ती अमूल्य असते, दुसरा, ती हातातच फुटते. लोखंड आणि पोलादाच्या कांबी एकत्र तापवून, पिळून, त्यांची पट्टी सळईभोवती गुंडाळून आणि घणाने सांधून ही नळी बनते. पीळ जितका घट्ट, तितकी नक्षी बारीक. चांगल्या कारागिराची डमास्कस मजबूतच असे. अडचण पुढे होते. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते, टोपीतले क्षार गंज वाढवतात, आणि हा गंज सांध्यांच्या रेषांतून आत शिरतो. वरून नक्षी सुंदर आणि आत खड्डे, अशा नळ्या पुष्कळ. साध्या पोलादावर नक्षी नुसती रंगवलेलीही सापडते. सपाट भागावर, जिथे रंग चढवलेला नसतो, तिथे खरी नक्षी चालू राहते आणि खोटी थांबते.

आता ठसे. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस 1813 च्या कायद्याने आले. लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद 1637 ची. 1904 पूर्वीच्या बर्मिंगहॅमच्या ठशात मुकुटाखाली एकमेकांवर आडवे राजदंड असतात. 1904 नंतर मुकुटाखाली 'बीपी', 'बीव्ही' आणि बिनधुराच्या दारूसाठी 'एनपी'. त्याआधी, 1896 पासून, 'नायट्रो प्रूफ' असे शब्दांत लिहीत आणि शेजारी छर्ऱ्यांचे कमाल वजन औंसात देत. 1925 च्या नियमांनी चेंबरची लांबी आली आणि 1954 पासून औंसांऐवजी दाब टनांत लिहू लागले: 2½ इंच चेंबरच्या 12 बोअरला 3 टन, 2¾ ला 3¼ (बोअर हे नळीच्या व्यासाचे माप; आकडा लहान तितकी नळी रुंद). एनपी किंवा 'नायट्रो' नाही म्हणजे ती बंदूक फक्त काळ्या दारूसाठी तपासलेली आहे. नंतर पुन्हा प्रूफ करून घेतलेली असू शकते, पण मग तसा वेगळा ठसा असायलाच हवा.

ठसा मात्र त्या दिवसापुरता असतो. नंतर कोणी नळी आतून घासून खड्डे काढले की भिंत पातळ होते. मागच्या टोकापासून 9 इंचांवर आतला व्यास मोजतात. ठशात नळीच्या व्यासाची 13/1 ही खूण असेल तर मूळ व्यास 0.719 इंच धरायचा, त्यात 0.010 इंच भर पडली तर इंग्रजी प्रथेप्रमाणे ती बंदूक प्रूफबाहेर. व्यासापेक्षाही भिंतीची जाडी महत्त्वाची, कारण दोन्ही बाजूंनी धातू जातो. चांगल्या जुन्या नळीत सर्वांत पातळ जागी 0.030 इंचाच्या आसपास भिंत मिळते, 0.020 च्या खाली कोणी जबाबदार गनस्मिथ ती चालवायला देत नाही. हे मोजायला खास गेज लागतो. डोळ्यांनी अंदाज कधीच येत नाही.

हाताने करायच्या दोन तपासण्या आहेत. पुढचे लाकूड उतरवून बंदूक बंद ठेवा आणि नळ्या हलवून पाहा. लाकूड लावलेले असले तर त्याची स्प्रिंग ढिलाई लपवते. नंतर नळ्या हुकाला टांगून बोटाने ठोका: घंटेसारखा नाद आला तर दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्ट्या घट्ट, फुटक्या भांड्यासारखा बद्द आवाज आला तर झाळ सुटली आहे. उजेडाकडे नळी धरून आत पाहताना गोल सावलीचे कडे दिसले तर तिथे फुगवटा आहे.

किमतीत सर्वांत जास्त कपात नळ्यांमुळे होते. मागच्या टोकापासून सुमारे 3 इंचांवर बारीक सांधा दिसला तर जुन्या बुडात नव्या नळ्या बसवल्या आहेत. चालवायला बरे, संग्राहकाला नको. तोंडाशी दोन नळ्यांमध्ये भरपूर फट असेल तर नळ्या कापलेल्या आहेत आणि चोक (तोंडाशी नळीचा मुद्दाम अरुंद ठेवलेला भाग) गेला. त्यानंतर पाहायचे ते ॲक्शनमागे (नळ्या ज्यात बसतात त्या धातूच्या सांगाड्यामागे) दस्त्याला गेलेली चीर, पुन्हा खोदलेले कोरीवकाम आणि उलटसुलट झालेल्या स्क्रूच्या खाचा. नामांकित घराण्याचा नंबर कंपनीच्या वहीत सापडला तर किंमत वाढते.

चेंबरची चूक सर्वांत शांतपणे होते. 70 मिमी काडतूस 65 मिमी चेंबरमध्ये सहज जाते, कारण दुमडलेल्या तोंडासकट त्याची लांबी साठाच्या आसपासच असते. दिलेली लांबी उडाल्यावरची, उघडलेल्या कवचाची. उडाले की तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडते, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. तो दाब ना ऐकू येतो ना दिसतो. ॲक्शन हळूहळू सैल होते. घट्ट चोकच्या जुन्या नळीत पोलादी छर्रे अजिबात नकोत. सेफ्टी लावली म्हणून निश्चिंत राहू नये. बऱ्याच जुन्या बंदुकांत ती फक्त चाप अडवते, घोडा नाही. घोडा अडवून धरणाऱ्या खाचा झिजल्या असतील तर एका बाराबरोबर दुसराही सुटतो.

20 बोअरचे काडतूस 12 बोअरमध्ये टाकले तर ते चेंबरमधून घसरून नळीत पुढे अडकते. चेंबर रिकामा दिसतो, मागे 12 चे काडतूस बसते, आणि चाप ओढल्यावर नळी फुटते. म्हणूनच 20 बोअरची काडतुसे आज पिवळी बनवतात. जुन्या कागदी साठ्यातली मात्र कोणत्याही रंगाची असतात, त्यामुळे खिशात एकाच बोअरची ठेवावीत आणि बार न होता नुसता 'टक' आला तर बंदूक सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबावे. मग ती खोलून नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का, ते पाहूनच पुढे जावे.